वर्णभेदाच्या काळातला बेसबॉल पिचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निग्रो लीग म्हणजे नेमकं काय? आणि हे नाव अजून का वापरतात?

अमेरिकेत १९२० ते १९४८ या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या ज्या सात लीग चालल्या, त्यांना मिळून निग्रो लीग म्हणतात. त्यातली पहिली रूब फॉस्टर यांनी उभी केली. १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतल्या पासेओ वायएमसीएमध्ये संघमालकांना बोलावून त्यांनी करार केला. फॉस्टर मुळात नावाजलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे; संघमालक नंतर झाले. 'निग्रो' हा शब्द आज माणसाला उद्देशून कोणी वापरत नाही, वापरूही नये. पण ती त्या संस्थांची स्वतःची नावं होती, म्हणून इतिहासात ती तशीच ठेवतात.

कृष्णवर्णीयांना बंदी करणारा लेखी नियम होता का?

मेजर लीगमध्ये, म्हणजे गोऱ्यांच्या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर तिथे टोलेडोकडून कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, म्हणून खेळले होते. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं आणि त्यानंतर हीच समजूत सगळीकडे तोंडी पाळली गेली. कागदावर काही नसल्यामुळे दाद मागायची सोयच उरली नाही. कोणी विचारलं, की 'असा नियमच नाही' म्हणून मोकळे!

पिचर म्हणजे बोलरच ना?

काम तेच, कामाची रीत वेगळी. आधी शब्दाचा घोळ मिटवू: बेसबॉलमध्ये 'पिच' म्हणजे फेक, खेळपट्टी नव्हे. पिचर १८.४४ मीटरवरून टाकतो, म्हणजे क्रिकेटच्या २०.१२ मीटरपेक्षा थोडं जवळून. धावत यायचं नाही. माउंड नावाच्या मातीच्या उंचवट्यावर रबराची पट्टी असते, तिला पाय टेकवून जागेवरूनच जोर काढायचा. कोपर वाकवायला मुभा आहे. टप्पा नाही, म्हणजे आपल्या भाषेत प्रत्येक चेंडू फुलटॉस. बॅटरला फसवायचं ते वेगातल्या फरकानं, हवेतल्या वळणानं आणि दिशेनं. समोरची होम प्लेट ४३ सेंटीमीटर रुंद. तिच्यावरून योग्य उंचीवर गेलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बॅटर बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. बाहेर गेलेले चार सोडले, तर त्याला फुकट बेस, म्हणजे रनसाठी गाठायच्या टप्प्यांतला पहिला. त्याला वॉक म्हणतात.

आणि षटक हा प्रकारच नाही. दुसऱ्या टोकाकडून कोणी येऊन दमलेल्या हाताला उसंत देत नाही. नऊ इनिंग एकट्यानं टाकल्या, तर शंभराच्या वर फेकी सहज होतात. पुढच्या उत्तरांत कामाच्या ओझ्याचा विषय येईल, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आठवड्याला किती सामने असत?

लीगचे अधिकृत सामने हंगामात साठ-ऐंशीच्या घरात; पण लीगच्या सामन्यांवर संघाचं पोट भरत नसे. मधल्या दिवसांत गावोगाव फिरून स्थानिक संघांशी, गिरणी किंवा कारखान्यांच्या संघांशी, जो पैसे देईल त्याच्याशी खेळायचं. याला बार्नस्टॉर्मिंग म्हणत. दोन्ही मिळून वर्षाला दीडशे-दोनशे सामने होत. रविवारी एका तिकिटात दोन सामने ठरलेले, आणि सुट्टीच्या दिवशी तिसरा संध्याकाळी वीस-पंचवीस मैलांवरच्या गावात.

एवढ्यासाठी माणसं किती? चौदा ते अठरा. मेजर लीगच्या संघात पंचवीस असत. बसमध्ये जागा नाही, पगाराला पैसे नाहीत, म्हणून पिचर चार-पाचच. ज्या दिवशी टाकायचं नाही त्या दिवशी पिचरनं आउटफिल्डमध्ये उभं राहायचं, बॅटिंग करायची, तिकिटांवरही लक्ष ठेवायचं. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे बुलेट रोगन पिचर म्हणून जितके नावाजले, तितकेच बॅटर म्हणून. टेड रॅडक्लिफ एका सामन्यात पिचर आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्यात कॅचर असत. त्यावरून त्यांना 'डबल ड्यूटी' हे नाव पडलं ते कायमचं. १९२६ च्या प्लेऑफमध्ये तर शेवटच्या दिवशी शिकागोच्या विली फॉस्टर यांनी दोन्ही सामने टाकले आणि दोन्ही जिंकले. समोर दोन्ही वेळा रोगनच होते.

या ओझ्यातूनच तिथल्या पिचरची शैली घडली. ताकद लावून प्रत्येक चेंडू टाकणारा जुलैपर्यंतही टिकत नसे. म्हणून अचूकता, वेगातले चढउतार, आणि समोर दुबळा बॅटर असेल तेव्हा हात राखून टाकणं.

सॅचेल पेज यांच्याबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण ते उत्तम होते आणि आपण उत्तम आहोत हे विकायचं कसं, तेही त्यांना कळत होतं. लेरॉय पेज, जन्म ७ जुलै १९०६, अलाबामातल्या मोबील गावी. रेल्वे स्टेशनवर लोकांच्या बॅगा उचलत, त्यावरून 'सॅचेल' हे नाव पडलं असं ते सांगत. बाराव्या वर्षी किरकोळ चोरी आणि शाळा बुडवण्यावरून त्यांना माउंट मीग्ज इथल्या सुधारगृहात धाडलं. साडेपाच वर्षं तिथं गेली. पाय आभाळाकडे उचलून टाकण्याची त्यांची ती प्रसिद्ध ढब तिथल्या प्रशिक्षकाकडून, एडवर्ड बर्ड यांच्याकडून आली. उंची सहा फूट तीन इंचांच्या वर, अंग काटकुळं. लांब पाय वर गेला की बॅटरला बराच वेळ बुटाचा तळवाच दिसे, चेंडू नंतर.

अचूकतेचा त्यांचा सराव साधा होता. प्लेटच्या जागी च्युइंगगमचा कागद ठेवायचा आणि त्याच्यावरून चेंडू न्यायचा. ४३ सेंटीमीटर रुंदीची सवय झालेल्या कॅचरला हातमोजा हलवावा लागत नसे.

त्यांच्या वयाचा इतका गोंधळ का?

त्यांनीच घातला. जन्मनोंदीचं बायबल शेळीनं खाल्लं, ही त्यातली एक गोष्ट. जन्माचा दाखला १९०६ चाच आहे, पण गूढ वय तिकीट खपवतं. अशा गोष्टी ऐकाव्यात, हसावं, आणि तारखेसाठी दाखला बघावा.

हेझिटेशन पिच कसा टाकत?

हा प्रकार टप्प्याटप्प्यानं पाहा.

दोन्ही हात डोक्यावर, डावा पाय उंच. इथवर नेहमीसारखं. मग पाय पुढे येतो आणि माउंडच्या उतारावर टेकतो. नेहमीच्या फेकीत पाय टेकण्याच्या क्षणी कंबर वळलेली असते आणि हात मागून पुढे निघालेला असतो. पेज इथे थांबत. पाय टेकला, छाती पुढे आली, पण चेंडूचा हात मागेच. निमिषभर. मग हात एकटाच यायचा.

बॅटर चेंडू बघून बॅट फिरवायला घेत नाही, तेवढा वेळच नसतो. पिचरचा पुढचा पाय टेकणं ही त्याची घड्याळाची टिक. टिक ऐकून तो निघतो आणि चेंडू अजून सुटलेलाच नसतो. कोणी अर्धी बॅट फिरवून अडकत, कोणी पूर्ण फिरवून मोकळे होत.

यात बिघडतं ते असं. कंबरेचा जोर वाया गेल्यानं वेग पडतो, म्हणजे बॅटरनं ओळखलं तर चेंडू कुंपणाबाहेर. खांद्यावर एकदम भार येतो, म्हणून सामन्यात मोजक्याच वेळा टाकायचा. आणि बेसवर रनर असताना फेक मध्येच तोडली तर तो 'बॉक' ठरून रनरला पुढचा बेस मिळतो. १९४८ मध्ये पेज मेजर लीगमध्ये आल्यावर तिच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी ही फेकच अवैध ठरवली.

बाकीच्या फेकींना त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती: बी बॉल, जंप बॉल, ट्रबल बॉल, मिडनाइट रायडर. यातले बरेचसे वेगवान चेंडूचेच भाऊबंद. नावं पोस्टरसाठी.

चेंडूला थुंकी लावणं, खरवडणं चालत होतं का?

मेजर लीगनं १९२० मध्ये ते बंद केलं, फक्त आधीपासून टाकणाऱ्या १७ जणांना सूट दिली. निग्रो लीगमध्ये कानाडोळा होत असे. दोन प्रकार ठळक. थुंकी किंवा चिकट ओलावा बोटांखाली लावला की चेंडू बोटांवरून घसरून सुटतो, त्याला मागची फिरकी जवळपास मिळत नाही आणि प्लेटजवळ तो झपकन खाली बसतो. दुसरा, पॉलिश पेपरनं किंवा पट्ट्याच्या बकलनं एका बाजूचं कातडं खरवडणं. जुन्या क्रिकेट चेंडूची एक बाजू खडबडीत, एक गुळगुळीत असली की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे; तत्त्व तेच.

यात लबाडी होती, पण नाइलाजही होता. संघाकडे चेंडू मोजके. मेजर लीगमध्ये मळलेला चेंडू बाजूला टाकत, इथे तोच पुन्हा खेळात. चार इनिंग झाल्या की चेंडू आपोआपच ओरखडलेला, नरम आणि काळपट झालेला असे. खरवडायला वेगळं कोणी लागतच नसे. आणि या सवयीच्या बॅटरला असले चेंडू मारता येत, हेही विसरू नये.

रात्रीचे सामने तेव्हा होते?

मेजर लीगच्या पाच वर्षं आधी. मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी १९३० मध्ये फिरते दिवे बनवून घेतले. ट्रकवर बसवलेले, उभे करता येणारे खांब, त्यावर फ्लडलाइट, आणि मैदानाच्या कडेला धडधडणारा जनरेटर. पहिला सामना २८ एप्रिल १९३० रोजी ओक्लाहोमातल्या एनिड गावी झाला. दिवसा कामावर असलेला प्रेक्षक रात्री येऊ लागला.

पिचरला मात्र ही पर्वणी! प्रकाश मंद आणि असमान, उंच उडालेला चेंडू दिव्यांच्या वर गेला की दिसेनासा. जनरेटर दमला की दिवे मंदावत. त्यात काळवंडलेला चेंडू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीत या दिव्यांखाली होमस्टेड ग्रेजचे स्मोकी जो विल्यम्स आणि मोनार्क्सचे चेट ब्रूअर समोरासमोर आले. सामना १२ इनिंग चालला, १-० असा सुटला. विल्यम्सनी २७ स्ट्राइकआउट घेतले, ब्रूअरनी १९. विल्यम्स तेव्हा चाळिशी ओलांडलेले. आकडा थक्क करणारा आहे, फक्त तो वाचताना दिवे आठवा.

प्रवास, जेवण, झोप यांचं काय?

दिवसाचा मोठा भाग बसमध्येच जाई. सामना संपला की घामेजल्या कपड्यांतच बसायचं, कारण भाड्यानं घेतलेल्या मैदानावर गोऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या बऱ्याचदा यांना उघडत नसत. अंघोळ नाही. टाकून गरम झालेला हात रात्रभर खिडकीच्या वाऱ्यात, गुडघे समोरच्या सीटला टेकलेले. दुसऱ्या दिवशी खांदा आखडणार, हे ठरलेलं.

दक्षिणेत हॉटेल नाही, खानावळीत बसायला जागा नाही. मागच्या दारानं पुडकं मिळालं तर मिळालं. नाहीतर वाण्याच्या दुकानातून सार्डिनचा डबा, क्रॅकर बिस्किटं, बलोनी सॉसेज आणि पाव. मोठ्या शहरात कृष्णवर्णीयांची हॉटेलं होती, कॅन्सस सिटीतलं स्ट्रीट हॉटेल त्यातलंच. लहान गावात ओळखीच्या घरी राहायचं. १९३६ पासून हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ग्रीन दरवर्षी एक पुस्तिका काढत. कुठल्या गावात कोणतं हॉटेल, पंप, न्हावी तुम्हाला आत घेईल याची यादी त्यात असे.

पेट्रोल पंपाचा एक प्रसंग मोनार्क्सचे बक ओ'नील सांगत. १९४५ मध्ये ओक्लाहोमातल्या एका पंपावर संघातले जॅकी रॉबिन्सन संडासाकडे निघाले, पंपवाल्यानं अडवलं. रॉबिन्सन म्हणाले, मग नळी काढ, तेल नको. बसला मोठ्या दोन टाक्या होत्या; एवढं गिऱ्हाईक सोडवेना, त्यानं जाऊ दिलं. संघ त्या पंपावर वर्षानुवर्षं तेल भरत होता. त्यानंतर मोनार्क्सनी रिवाजच केला: संडास नाही तर तेल नाही.

पैसे किती मिळत?

पेजना १९२६ मध्ये चॅटनूगात सुरुवातीला महिना ५० डॉलर मिळाले. साधा खेळाडू तीसच्या दशकातल्या मंदीत शे-दीडशे डॉलरवर महिना काढी, तोही हंगामापुरता, आणि मालकाकडे गल्ला जमला तरच. युद्धकाळात कारखान्यांत पगार वाढले, मैदानं भरली, तेव्हा जरा बरे दिवस आले.

मोठ्या पिचरची खरी कमाई गेटमधल्या टक्क्यात होती. पेज येणार म्हटलं की पोस्टरवर 'पहिले नऊ बॅटर बाद करण्याची हमी' छापलेलं असे. ते तीन इनिंग टाकत, लोकांचे पैसे वसूल होत आणि उरलेल्या सहा इनिंग हिल्टन स्मिथ सांभाळत. स्मिथ यांचा वळणारा चेंडू पेजपेक्षा सरस होता असं मानणारे बरेच आहेत. पण नाव पोस्टरवर नसल्यानं त्यांना बेसबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये यायला २००१ उजाडलं, तेव्हा ते हयात नव्हते.

करार मोडून दुसऱ्या संघात जाणं सर्रास चाले. १९३७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या हुकूमशहाच्या नावानं खेळणाऱ्या संघानं पेज आणि सोबतच्यांसाठी ३०,००० डॉलर मोजले. जबरदस्त फटकेबाज जॉश गिब्सन आणि कूल पापा बेलही तिकडे गेले, आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा सर्वात बलाढ्य संघ पोकळ झाला. लीगनं बंदी घातली; गर्दी हवी असल्यानं ती फार टिकली नाही.

हात गेला तर?

बहुधा संपलंच. कोपराचा अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती १९७४ मध्ये. तोवर उपाय म्हणजे गरम पाणी, मालिश, मलम आणि विश्रांती. त्यातली विश्रांती परवडत नसे. पिचर खांद्याचं दुखणं लपवी, मग चुकीच्या ढबीनं टाकू लागे, आणि खांदा वाचवता वाचवता कोपर घालवून बसे.

पेजवर ही वेळ १९३८ मध्ये मेक्सिकोत आली. हात उचलेना. डॉक्टर म्हणाले, संपलं. बाकी कोणी घेईना तेव्हा विल्किन्सननी त्यांना मोनार्क्सच्या दुय्यम, फिरत्या संघात ठेवलं: गावोगाव जा, तोंड दाखवा, एक-दोन इनिंग हळू टाका. कढत पाणी आणि मालिश चालूच होतं. १९३९ मध्ये हात परत आला. दरम्यान वेगावर न विसंबता टाकायला ते शिकले होते. पुढची पंचवीस वर्षं त्यावर निघाली.

गोऱ्या खेळाडूंशी कधी सामना होत होता का?

हंगाम संपल्यावर, दर ऑक्टोबरमध्ये. १९३४ मध्ये मेजर लीगचे पिचर डिझी डीन यांच्या संघाशी, १९४६ मध्ये तिथलेच पिचर बॉब फेलर यांच्या संघाशी. फेलरनी तर दोन्ही संघांसाठी विमानं घेतली होती. पैसा दोन्हीकडे जात असल्यानं ऑक्टोबरमध्ये कोणाचा धर्म बुडत नसे. एप्रिलमध्ये, मेजर लीगचा हंगाम सुरू होताना, बुडे.

नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कचा संघ मात्र मिश्रच होता. १९३५ मध्ये विचिटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पेजनी त्यांच्यासाठी चार सामने जिंकले, ६० स्ट्राइकआउट घेतले. हिवाळ्यात क्यूबा, पोर्तो रिको, मेक्सिको. तिथे कुठल्याही खानावळीत बसून जेवता येई.

बायका पिचर होत्या का?

मेमी जॉन्सन. १९५३ ते १९५५ इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांना टाकत. १९४८ नंतरही कशीबशी चालू राहिलेल्या लीगचा तो उतरता काळ होता आणि गर्दी खेचायचा हेतूही त्यात होता, पण चेंडू टाकायचं अंतर तेच होतं.

जॅकी रॉबिन्सन आल्यावर पिचरना काय मिळालं?

१५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरले आणि ती तोंडी बंदी मोडली. पहिले कृष्णवर्णीय पिचर डॅन बँकहेड त्याच वर्षी २६ ऑगस्टला. तरुणांना फायदा झाला: डॉन न्यूकम यांनी १९५६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा पहिला साय यंग पुरस्कार घेतला. तिशी उलटलेल्यांचं मात्र दोन्हीकडून गेलं. मेजर लीगला ते म्हातारे वाटत, आणि प्रेक्षक रॉबिन्सनना बघायला गेल्यानं त्यांची स्वतःची लीग ओस पडली. मालकांनाही भरपाई क्वचितच मिळाली. रॉबिन्सनबद्दल मोनार्क्सना एक डॉलरही नाही. लॅरी डोबी या खेळाडूसाठी नूअर्क संघाच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी भांडून १५,००० डॉलर घेतले.

पेज ४२ व्या वाढदिवशी, ७ जुलै १९४८ रोजी मेजर लीगच्या क्लीव्हलंड संघाशी करारबद्ध झाले. सहा विजय, एक पराभव, आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, टाकणारे पहिले कृष्णवर्णीय पिचर. २० ऑगस्टला त्यांना बघायला ७८,३८२ लोक आले. शेवटचं टाकलं ते २५ सप्टेंबर १९६५ ला, ५९ व्या वर्षी: तीन इनिंग, एकही रन नाही, एकच फटका.

यांचे आकडे कितपत खरे?

लीगच्या सामन्यांचे बऱ्यापैकी. वर्तमानपत्रांतल्या धावफलकांवरून ते जुळवले गेले. डिसेंबर २०२० मध्ये या सात लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला, मे २०२४ मध्ये आकडे मुख्य नोंदीत आले. तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश तपशील हाती होता. गावोगावचे सामने त्यात नाहीत. म्हणून 'हजारो विजय' कुठे दिसले तर ती पोस्टरची भाषा समजा. १९४२ मध्ये गिब्सनना बाद करण्यासाठी पेजनी मुद्दाम वॉक देऊन बेस भरले, ही गोष्ट तशीच. गिब्सन बाद झाले हे खरं. मुद्दाम दिलेले वॉक त्या वेळच्या वृत्तान्तांत सापडत नाहीत.

पळवणकर बाळूंशी तुलना योग्य आहे का?

अर्धीच. पेज आणि क्रिकेटचे बोलर बाळू, दोघंही बोटांच्या कसबावर मोठे झाले. पुण्यात बाळू गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकत, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण बाळू अस्पृश्य मानलेल्या जातीतले असूनही हिंदूंच्या संघात होते. मैदानात त्यांचा चेंडू सगळे हाताळत आणि चहाला त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. अमेरिकेत मैदानच वेगळं. बाळूंना कर्णधारपद कधीच दिलं गेलं नाही. निग्रो लीगमध्ये कर्णधार, मालक, कित्येकदा अंपायरही आपलेच. शिवाशिव आणि वर्णभेद एकाच तागडीत टाकले की हा फरक निसटतो.

हे सगळं बघायचं असेल तर कुठे?

कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियममध्ये. आत पूर्ण मैदान मांडलं आहे, खेळाडूंचे ब्राँझ पुतळे आपापल्या जागी: माउंडवर पेज, प्लेटमागे गिब्सन, बॅट घेतलेले मार्टिन डिहिगो. शिरल्या शिरल्या ते दिसतं, पण मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आहे. माउंडपर्यंत जायचं तर आधी सगळं प्रदर्शन फिरून यावं लागतं.